कोब्याचा उतार

तिला मैदानावर सगळे तिरपी म्हणायचे. नावं ठेवायला कुणाला कष्ट पडत नाहीत, आणि गोल्फच्या मैदानावर तर निम्मी मंडळी खेळायला कमी आणि दुसऱ्याच्या खेळाला नावं ठेवायला जास्त येतात. पण हे नाव अगदीच हवेतून आलेलं नव्हतं. झेंडा समोर असायचा, वाट सरळ असायची, आणि ही पोरगी उभी राहायची ती पाय, खांदे, सगळं उजवीकडच्या झाडांच्या रोखाने लावून. एखादा नवा माणूस बघत असला तर तो न राहवून सांगायला पुढे व्हायचा, की बाई गं, झेंडा तिकडे आहे. तेवढ्यात चेंडू उडायचा, झाडांकडे निघायचा, आणि वाटेत काहीतरी आठवल्यासारखा डावीकडे वळून झेंड्यापाशी पडायचा. सांगायला आलेला माणूस मग घसा खाकरून आपल्या कामाला लागायचा.

लहानपणापासून हे असंच चाललं होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चेंडू डावीकडे जातो, म्हणून आपण उजवीकडे बघायचं. सगळेच असं करत असतील अशी तिची समजूत होती, आणि दुसरे कसे उभे राहतात हे निरखून बघण्याइतका तिला दुसऱ्यांमध्ये रस नव्हता. तिला चेंडू भोकात घालण्यात रस होता.

तिचे बाबा त्याच मैदानावर गवत कापायच्या यंत्रांचे मिस्त्री. मैदानाच्या टोकाला, पंपाच्या खोलीला लागून त्यांची पत्र्याची शेड. आत ओळीने यंत्रं उभी, भिंतीवर पाती टांगलेली, एका बाजूला व्हाइस बसवलेलं जाडजूड टेबल, खाली सिमेंटचा कोबा. यंत्रं तिथेच धुतली जायची आणि पाणी मागच्या भिंतीजवळच्या जाळीतून गटारात जायचं. तेल, पेट्रोल आणि ओलं गवत यांचा मिळून जो एक वास होतो, तो शेडला होता, बाबांच्या कपड्यांना होता आणि जेवणाच्या डब्यालाही होता. आई म्हणायची, "या माणसाला आंघोळ पुरायची नाही, सर्व्हिसिंगच करायला हवं." आई घरी शिवणकाम करायची. तिला कापडावर एवढासा डाग खपायचा नाही, आणि नवरा मात्र असा मिळाला होता.

गोल्फ खेळणं सोपं आहे, गोल्फच्या स्टिका मिळणं अवघड. मिस्त्रीच्या मुलीला त्या कोण देणार? पण मैदानाच्या मधोमध एक तळं होतं. खेळणाऱ्यांचे चेंडू त्यात पडायचे आणि चेंडूमागोमाग कधीकधी स्टिकही. म्हणजे ती पडायची नाही, फेकली जायची. भलीभली माणसं, ऑफिसात नुसतं बघून लोकांना गप्प बसवणारी, एक सोपा फटका हुकला की स्टिक गरागरा फिरवून पाण्यात भिरकावून द्यायची. नंतर ती मागायला कुणी यायचं नाही. आपण रागाच्या भरात काय केलं, हे कबूल कोण करणार? बाबा पंपाचं तोंड साफ करायला पाण्यात उतरले की चिखलात एखादी स्टिक हाताला लागायची. त्यांनी मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले, घेऊन जा, चिखलासकट. तिचा पहिला संच असा मोठ्या माणसांच्या रागातून जमला.

स्टिका पुरुषांच्या आणि ती जेमतेम बाबांच्या कोपराएवढी. बाबांनी करवतीने दांडे कापले, वर सायकलच्या हँडलचं रबर चढवलं. पण दांडा आखूड झाला की खालचं पातं जमिनीवर नीट बसत नाही, त्याचं टोक वर राहतं, आणि टोक वर राहिलं की चेंडू डावीकडे पळतो. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यातून एवढं बाबांच्या कानावर आलेलं होतं. म्हणून ते तिला शेडमध्ये जाळीकडे पाठ करून उभं करायचे, म्हणजे दारातला उजेड समोरून येईल आणि पात्याखालची फट दिसेल. मग व्हाइसमध्ये पातं धरून दांड्याला हलकेच रेटायचं, परत तिच्या हातात द्यायचं, परत गुडघे टेकून, गाल कोब्याला लावून बघायचं. चेंडू ठेवला तर तो जागेवर राहायचा नाही, म्हणून बाबा त्याच्याखाली एक वॉशर ठेवायचे. पात्याखाली कागदही सरकणार नाही इतकं ते सपाट बसलं, की उठून हात पुसत म्हणायचे, "बस्स. आता चूक झाली तर ती तुझी."

ती वाढत गेली, तशा स्टिका बदलत गेल्या. तळ्याने कधी हात आखडता घेतला नाही. प्रत्येक नवी स्टिक त्याच जागी, त्याच पद्धतीने, त्याच वॉशरवर चेंडू ठेवून बसवली गेली. त्या स्टिकांनी तिने मैदानावरच्या मुली हरवल्या, मग मुलगे हरवले, मग आजूबाजूच्या मैदानांवरचे लोक. कपाटावर कप ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा आईने त्यातल्या दोनांत बटणं आणि एकात टाचण्या भरून ठेवल्या. शेवटी एक दिवस तिने घरात जाहीर केलं की ती आता व्यावसायिक खेळाडू होणार. बाबांनी मान हलवली. आईने विचारलं, "म्हणजे आत्तापर्यंत काय चाललं होतं?"

व्यावसायिक होणं हे नुसतं जाहीर करून होत नाही. वर्षातून एकदा चार दिवसांची पात्रता स्पर्धा असते. वरच्या ठरावीक मुलींना वर्षभराच्या दौऱ्यात खेळायचं कार्ड मिळतं, बाकीच्या आपापल्या घरी. ती गेली ते मैदान परकं होतं. बाबांना यंत्रं सोडून जाता आलं नाही, म्हणून बॅग उचलायला तिथलाच एक कॅडी घेतला. उजव्या हाताला लांबच लांब कालवा होता आणि तिला दर फटक्याला त्या कालव्यावरच नेम धरावा लागत होता. दोन दिवस चेंडू इमानाने वळून परत आला. तिसऱ्या दिवशी डावीकडून वारा सुटला. चेंडू वळायला निघायचा आणि वाऱ्याला टेकून तसाच सरळ पाण्यात जायचा. कॅडी म्हणाला, "ताई, जरा डावीकडे बघून मारा की." तिने बघून पाहिलं, पण हात ऐकेनात. चौथ्या दिवशी खेळणाऱ्यांत ती उरली नव्हती, बसने घरी निघाली होती.

घरी येऊन तिने वारा कसा होता, कालवा कसा होता, गवत कसं होतं, ते सगळं सांगितलं. आई शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आईचं बोलणं सुईसारखं असायचं, पण सुई ती शिवायलाच वापरायची. संध्याकाळी आईनेच मावशीला फोन केला. मावशी एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि तिच्याकडे खेळाच्या शिक्षिकेची जागा रिकामी होणार होती. मावशीने भाचीसाठी ती पुढच्या वर्षापर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं.

"एकदा अजून जा," आई म्हणाली. "मी अडवणार नाही. पण त्यानंतर मुकाट्याने शाळा. चाळिशीपर्यंत झाडांकडे बघत उभी राहिलेली मुलगी मला नको आहे."

"चालेल," ती म्हणाली. तिला शाळेत जायचं नव्हतं. शिट्टी फुंकून दुसऱ्यांच्या मुलांना पळवण्यात तिला काडीचा रस नव्हता. पण शब्द दिला तो दिला.

थोड्याच दिवसांनी स्टिका बनवणाऱ्या एका कंपनीने नव्या मुलींना मापं द्यायला बोलावलं. कंपनीला चेहरे हवे होते, मुलींना स्टिका हव्या होत्या, सौदा वाईट नव्हता. मापं घेणारा माणूस चष्मा कपाळावर ठेवणारा, हळू बोलणारा होता. त्याने तिच्या स्टिकांच्या तळाला चिकटपट्ट्या लावल्या आणि एका काळ्या फळीवरून तिला फटके मारायला लावले. तळाचा जो भाग फळीला घासतो तिथली पट्टी फाटते. तिची प्रत्येक पट्टी टाचेकडे, म्हणजे पात्याच्या दांड्याकडच्या बाजूला, फाटलेली निघाली. म्हणजे टोक हवेत, टाच जमिनीत.

त्याने एकेक स्टिक कोनमापकावर लावली, मग पुन्हा पहिल्यापासून लावली. "चुकलेल्या स्टिका मी रोज बघतो," तो म्हणाला. "पण सगळ्याच्या सगळ्या बरोबर तेवढ्याच चुकलेल्या, आणि इतक्या काळजीने, हे पहिल्यांदाच बघतोय. कुणी केल्या?"

"एका मिस्त्रीने," ती म्हणाली. माझ्या बाबांनी, असं म्हणायला तिची जीभ वळली नाही, आणि त्याचा घरी येईपर्यंत तिला स्वतःचाच राग येत राहिला.

त्याने मापाने बनवलेला नवा संच तिला तीन-चार महिन्यांनी मिळाला. पहिल्याच दिवशी तिने शंभरेक चेंडू मारले आणि एकूण एक उजवीकडच्या झाडांत गेले. ती झाडांवर नेम धरत होती आणि नव्या स्टिका सांगितलं तिथे चेंडू पाठवत होत्या. तिचा संताप झाला. इतकी वर्षं जे हातात बसलं ते चूक, आणि हे झाडांत जाणारं बरोबर? कपाळावर चष्मा ठेवणाऱ्या त्या माणसालाच कोन कळत नसणार, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. ती तडक जुन्या-नव्या दोन्ही बॅगा घेऊन शेडमध्ये गेली.

"बाबा, तो म्हणतो तुमचं माप चुकलं."

बाबांनी हातातला पान्हा खाली ठेवला. "बघू दे त्याचं माप."

त्यांनी नव्या संचातली सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची स्टिक, घेतली, पुसली, तिच्या हातात दिली. ती सवयीने जाऊन जाळीकडे पाठ करून उभी राहिली. बाबा गुडघ्यांवर बसले. आता पूर्वीसारखं पटकन बसता येत नव्हतं, पण गाल कोब्याला लावायला ते चुकले नाहीत. बराच वेळ बघून ते उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की तिलाही हसू आलं.

"कंपनीचंच चुकलंय. टाच उचललीय, टोक जमिनीत रुततंय. ये, चेंडू ठेवून दाखवतो."

त्यांनी खिसे चाचपले, टेबलावर बघितलं. वॉशर सापडेना. मग त्यांनी चेंडू तसाच कोब्यावर ठेवला आणि हात काढला. चेंडू क्षणभर थांबला, मग निघाला. सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा, तो तिच्या दोन पायांच्या दिशेने आला, आणि तिने तो पायाने अडवला. लहानपणी हजारदा अडवला होता तसाच.

दोघंही त्या पायाकडे बघत राहिली.

यंत्रं धुतलेलं पाणी जाळीत जावं म्हणून गवंड्याने कोब्याला उतार दिला होता. द्यायलाच हवा होता. बाबा त्या उतारावर रोज पाणी ओतत होते, ते कुठे जातं हे रोज बघत होते. त्याच कोब्यावर त्यांनी लेकीची प्रत्येक स्टिक जीव ओतून सपाट बसवली होती. कोबा समोर चढा होता, म्हणून तिथे ती सपाट बसायची. बाहेर सपाट जमिनीवर तिचं टोक वर राहायचं, चेंडू डावीकडे जायचा आणि पोरगी उजवीकडे बघायला शिकत जायची.

"आता चूक झाली तर ती तुझी, म्हणायचो मी," बाबा म्हणाले. मग टेबलाला टेकून उभे राहिले. "माझी होती गं ती. पहिल्यापासून."

तिला राग आला. खोटं कशाला बोलायचं, बाबांचाच आला. कालवा आठवला, वारा आठवला, तिरपी तिरपी म्हणून हसणारी तोंडं आठवली. ती जुनी बॅग उचलून बाहेर गेली आणि जुन्या स्टिकांनी हात दुखेपर्यंत मारत राहिली. चेंडू झाडांकडे निघायचे आणि वळून झेंड्यापाशी यायचे. एकही चुकला नाही. हेच खरं दुखणं होतं. स्टिका निकामी असत्या तर टाकणं सोपं होतं.

रात्री जेवताना आईने काय झालं ते विचारलं आणि बाबांनीच सगळं सांगितलं. आई हसली नाही. तिने अंगण या विषयावर एक अक्षर काढलं नाही, यावरून गोष्ट किती गंभीर होती ते समजावं.

"मी जुन्या वाकवून देतो सरळ," बाबा म्हणाले.

"मग त्याही झाडांतच जातील," ती म्हणाली. "वाकडी मी झाले आहे, स्टिका नाही."

आईने ताटातला शेवटचा घास संपवला. "कापड एकदा तिरपं बेतलं गेलं की शिवण उसवून काही होत नाही. नवं कापड घ्यावं लागतं आणि पुन्हा पहिल्यापासून बेतावं लागतं. वेळ आहे का तेवढा?"

वेळ पात्रता स्पर्धेपर्यंतचा होता, म्हणजे आठ महिन्यांचा. तिने त्याच रात्री जुना संच शेडमध्ये नेऊन मागच्या भिंतीला लावला आणि नव्या संचाची बॅग दाराशी ठेवली. आता मागे फिरायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

बाबांनी तिला न विचारता एक काम केलं. शेडच्या एका कोपऱ्यात, दाराजवळ, त्यांनी दोन माणसं उभी राहतील एवढा नवा ओटा ओतला. पाणी भरलेल्या नळीने चारही कोपरे जुळवले, लेव्हलपट्टी आडवी-उभी फिरवली, आणि सिमेंट वाळल्यावर वर मगभर पाणी ओतून ते कुठे धावतं ते पाहिलं. पाणी कुठेच धावलं नाही, मधोमध पसरून राहिलं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा ओतून पाहिलं. त्या ओट्यावर ती सकाळी मैदान उघडायच्या आधी नुसती उभी राहायची. पायांपुढे एक स्टिक आडवी ठेवून, तिच्या रोखाने पाय, गुडघे, खांदे लावून.

सरळ उभं राहणं इतकं कठीण असतं हे तिला माहीत नव्हतं. सरळ उभं राहिलं की डोळे म्हणायचे, तू डावीकडे बघतेयस. अंग आपोआप उजवीकडे सरकायचं आणि ते परत ओढून आणावं लागायचं, एखाद्या हट्टी गुरासारखं. मैदानावरच्या मंडळींना तर आयतं कोलीत मिळालं. तिरपी सरळ झाली आणि खेळ वाकडा झाला, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांच्या तोंडी झालं. एका छोट्या स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली. शेवटची आलेली बाई मधेच पाय मुरगळून बसली होती. त्या दिवशी शेडमध्ये येऊन तिने जुन्या संचातली एक स्टिक हातात घेतली आणि बराच वेळ धरून उभी राहिली. मग ती जागेवर ठेवून दिली आणि ओट्यावर जाऊन उभी राहिली.

हळूहळू चेंडू ऐकायला लागला. आधी दहातले तीन, मग पाच, मग ती मोजेनाशी झाली. नव्या स्टिकांमध्ये एक गंमत होती. वारा असो नसो, कालवा असो नसो, नेम धरू तिथे चेंडू जायचा, मनात वळणाचा हिशेब करावा लागत नव्हता. तिच्या डोक्यातली अर्धी जागा मोकळी झाली. तिला कधीकधी खेळताना गाणं सुचायला लागलं.

स्पर्धा जवळ आली तेव्हा ती बाबांना म्हणाली, "या वेळी बॅग तुम्ही उचलायची."

"नको. तुझ्या सामानाला माझा हात एकदा लागलाय तेवढा पुरे."

"बॅग जड आहे आणि मला दुसरं कुणी नको आहे."

बाबांनी यंत्राच्या पात्याला कानस मारणं चालू ठेवलं. ती दाराशी उभीच राहिली. तिचा हट्ट त्यांच्याकडूनच आलेला होता, त्यामुळे तो किती वेळ टिकतो हे त्यांना ठाऊक होतं. "यंत्रांचं मॅनेजरना विचारावं लागेल," ते शेवटी म्हणाले.

"विचारलं मी," ती म्हणाली. "आणि हा वॉशर सापडला. टेबलाखाली होता. ग्रीनवर चेंडूची खूण करायला नेते."

स्पर्धेचे पहिले तीन दिवस ती मधल्या मुलींमध्ये राहिली. ना पुढे, ना मागे. बाबा बॅग घेऊन तिच्यापासून दोन पावलं मागे चालायचे, मागितली ती स्टिक द्यायचे, परत आली की फडक्याने पुसून ठेवायचे, आणि एक शब्द बोलायचे नाहीत. चौथ्या दिवशी ती शेवटच्या होलवर आली तेव्हा फळ्यावरचा हिशेब सगळ्यांना दिसत होता. हा होल चार फटक्यांत संपवला तर कार्ड. पाच लागले तर मावशीची शाळा.

तिने तो फळा बघायला नको होता. बघितला, आणि मनात चार की पाच सुरू झालं. पहिल्या फटक्याला उभी राहिली तेव्हा आठ महिने जे ओढून ओढून जागेवर आणलं होतं ते अंग गुपचूप जुन्या वाटेने उजवीकडे सरकलं. तिला कळलं ते चेंडू हवेत गेल्यावर. नवी स्टिक, ती सांगितलं तिथेच पाठवणार. चेंडू सरळ उजवीकडे गेला, वळला नाही, आणि टेकडीच्या उतारावर, गवतात जाऊन थांबला.

टेकडीपर्यंत चालत जाताना ती मनात स्वतःला नाही नाही ते बोलत होती. बाबा मागून येत होते. चेंडूपाशी पोचून तिने पुढे पाहिलं. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, लांब होतं. त्याच्या डाव्या अंगाला तळं, उजव्या अंगाला झाडांची रांग. जमीन झेंड्याकडे नव्हे, उजव्या बाजूला चढत गेली होती. ती चेंडूच्या बाजूला उभी राहिली, तेव्हा चेंडू वर आणि पाय खाली असं झालं.

आणि पायांना काहीतरी ओळखीचं लागलं. टाचांवर येणारा भार, पोटऱ्यांना बसणारा तो हलकासा ताण. तिने सात नंबरची आयर्न मागितली आणि पातं गवतात टेकवून पाहिलं. टाच वर, टोक रुतलेलं. हे तिने कुठे पाहिलं होतं ते सांगायची गरज नव्हती. तिने मान वर केली. बाबा बॅगेला धरून उभे होते आणि तिच्या पायांकडे बघत होते. नियमाप्रमाणे फटक्याच्या वेळी कॅडीला खेळाडूच्या मागे रोख बघत उभं राहता येत नाही, पण बोलायला बंदी नसते. चार दिवसांत ते पहिल्यांदा बोलले.

"जाळी तुझ्या पाठीमागे आहे."

चढत्या जमिनीवर चेंडू डावीकडे जातो. चांगली स्टिक असली तरी जातो, कारण जमीनच तिला तसं करायला लावते. इथे सरळ झेंड्यावर नेम धरला असता तर चेंडू तळ्यात गेला असता. इतर मुलींना अशा जागी किती उजवीकडे बघावं याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकतो. तिला अंदाज बांधायचा नव्हता. ती आयुष्यभर याच कोब्यावर उभी होती.

तिने अंग सैल सोडलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला मोकळीक दिली. पाय, गुडघे, खांदे, सगळं उजवीकडच्या झाडांच्या रोखाने जाऊन बसलं. तिच्याबरोबर खेळणारी उंच मुलगी खाली उभी होती. तिचा कॅडी हळूच म्हणाला, "ही कुठे बघतेय?"

तिने फटका मारला. चेंडू झाडांकडे निघाला, आणि झाडांच्या अलीकडे, सवयीच्या वाटेवर आल्यासारखा, डावीकडे वळला आणि ग्रीनवर उतरला.

ती टेकडी उतरायला लागली. मागे पावलं ऐकू येईनात म्हणून वळून बघितलं. तिच्या फटक्याने मातीचा तुकडा गवतासकट उडाला होता आणि बाबा गुडघे टेकून तो जागेवर बसवत होते. तसा रिवाजच आहे, खेळणाऱ्याने किंवा कॅडीने तो बसवायचा असतो. पण एक तुकडा बसवायला इतका वेळ लागत नाही. ते तळहाताने तो दाबत होते, पुन्हा पुन्हा दाबत होते, आणि त्यांची पाठ हलत होती. ती थांबली नाही. त्यांना बघितलेलं आवडलं नसतं.

ग्रीनवर तिने चेंडूमागे वॉशर ठेवला आणि चेंडू बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो पुसला, उलटसुलट करून पुन्हा पुसला आणि परत दिला. डोळे लाल होते. तिने चेंडू वॉशरपुढे ठेवला आणि वॉशर उचलून घेतला. चेंडू जागचा हलला नाही. पहिल्या फटक्यात तो भोकाच्या तोंडाशी गेला, दुसऱ्यात, म्हणजे होलच्या चौथ्या फटक्यात, आत पडला.

घरी फोन तिने बाबांना करायला सांगितला, पण त्यांनी नुसताच तो तिच्या पुढे केला. पलीकडे शिवणयंत्र चालू होतं.

"आई, मावशीला सांग, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दे."

यंत्र थांबलं. मग आईने नाक ओढलं आणि विचारलं, "अंगण कसं होतं?"

"वाकडंच होतं," ती म्हणाली. "आपल्या शेडसारखं."